घडी होते का?

गौरी-गणपती आटोपले आणि आमच्या घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा नाहीसा झाला. बायकोचा पहिला संशय माझ्यावर होता, कारण जानेवारीत मी त्याच काट्यावर पोळी मोजून खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. काटा दादांच्या गॅरेजमध्ये होता आणि त्याच्यावर बंदूक निजली होती.

दादा मूळचे कोल्हापूरचे. कोलोरॅडोत येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी बोलताना रंकाळ्यावरच उभे असल्यासारखे वाटतात. दर ऑक्टोबरला रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेत खाऊनपिऊन सुखी झालेला थोरला भाऊ. इथे त्याची शिकार रीतसर चालते. परवाना काढायचा, त्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करायचा, अंगावर निदान ५०० चौरस इंच भगभगीत नारिंगी कापड घालायचं, आणि मारलेल्या जनावराचं मांस रानात टाकून यायचं नाही. या शेवटच्या कलमाकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. ते जायला हवं होतं.

"वैनी, काटा दोन दिसांत आणून देतो," दादा म्हणाले. "बंदुकीला नवीन चासी बघालोय."

चासी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पुणे-बंगळूर रस्ता आला. बॉडी नसलेला नुसता ट्रक, पुढे एक उघडं स्टिअरिंग, लाकडी फळीवर बसलेला ड्रायव्हर, त्याच्या तोंडाला गुंडाळलेला टॉवेल आणि डोळ्यांवर गॉगल. बंदुकीची चासीही जवळपास तशीच निघाली. जुन्या बंदुकीला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असतो; गोल, गुळगुळीत, हात फिरवावासा वाटणारा. चासी म्हणजे तो सगळा देह काढून टाकून ठेवलेला नुसता सांगाडा. मधे धातूचा कणा, त्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, त्या खाचेत बंदुकीचं यंत्र बसवून दोन स्क्रू आवळायचे. मागे खांद्याला टेकायला एक दांडी, गालाला एक पट्टी. पहिल्यांदा पाहिल्यावर मला वाटलं, अजून काम चालू आहे. दादा म्हणाले, "झालंय की पुरं! ह्येच्यापुढं काय न्हाई."

ही कल्पना इंग्लंडातून आली. पोर्टस्मथच्या ॲक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीनं ऐंशीच्या दशकात ब्रिटिश सैन्याला जी नेमबाजी रायफल दिली, तिच्यात ॲल्युमिनियमचा कणा आणि बाजूंना प्लॅस्टिकचे पाखे होते. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक माल्कम कूपर. त्यांनी १९८४ आणि १९८८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये रायफलचं सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे कल्पना शहाण्या माणसाची होती. फक्त सैनिकाची बंदूक भक्कम हवी होती, हलकी नव्हे. ती डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्यांच्या हाती पडली, आणि मग तिचं डाएट सुरू झालं.

दादांच्या गॅरेजमध्ये टेबलावर जुनं बेडशीट पसरलं होतं. त्यावर सुटी केलेली रेमिंग्टन ७००. हा नमुना १९६२ सालचा, आणि चासी बनवणारे सगळे त्याच्याच मापाचे कपडे आधी शिवतात. बोल्ट काढून वेगळा ठेवलेला, काडतुसं कपाटात कुलपाखाली. शेजारी लांबट वही, कव्हरवर 'हिशेब' असं लिहिलेली. आत चार रकाने: वस्तू, वजन, किंमत, आणि चौथा, 'घडी होते का?'

"आता ह्यो जुना दस्ता बघ." दादांनी तो दोन्ही हातांनी, बारशाला बाळ पाळण्यात ठेवावं तसा काट्यावर ठेवला. काटा थरथरला आणि ११०६ ग्रॅमवर थांबला. "दोन पौंड सात औंस. खालच्या लोखंडासकट."

"मग त्यात वाईट काय आहे?"

"लाकूड हाय रं मर्दा! पाऊस लागला की फुगतं, ऊन लागलं की आटतं. नळीला चिकटलं की गोळी भलतीकडंच."

हे मात्र खरं होतं. लाकूड ओलं झालं की वाकतं, नळीवर दाब देतं आणि नेम सरकतो. आमच्या गावच्या घराची दारं पावसाळ्यात लागत नाहीत, तेच हे. नळी आणि दस्ता यांच्यात फट आहे की नाही, हे बघायची इथली चाचणी मला फार आवडली. एक डॉलरची नोट घ्यायची आणि नळीखालून सरकवत न्यायची. नोट अडकली नाही, तर बंदूक निरोगी. दादांनी दस्ता पुन्हा चढवून नोट सरकवली. ती टोकाकडून निघाली, अर्ध्यावर गेली आणि अडकली. एका डॉलरवर थांबलेला हा तेवढा एकच खर्च.

पुढचे दहा दिवस दादा तीन स्थळं बघत होते. मुलीसाठी बघितली असती, तरी इतकी चौकशी झाली नसती. पहिलं स्थळ घरचं, साध्या ॲल्युमिनियमचं. स्वभावानं मजबूत, किंमत आवाक्यात, पण अंगानं भरलेलं. दुसरं आमच्याच राज्यातल्या ग्रँड जंक्शन गावचं, एक्सएलआर कंपनीचं, मॅग्नेशियमचं. तिसरं कॅनडाचं, एमडीटी कंपनीचं, मॅग्नेशियम आणि कार्बन फायबर अशा मिश्र खानदानाचं. त्याचं नावच एचएनटी२६, कारण वजन २६ औंस. ज्या मुलीचं वजन नावातच लावलंय, तिच्या घरी चहापोह्यांना जायची माझी तरी छाती झाली नसती.

मॅग्नेशियमशी माझी ओळख शाळेच्या प्रयोगशाळेपुरती. गुरुजी चिमट्यात फीत धरून पेटवायचे आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा. तीच वस्तू आता शेगडीशेजारच्या काट्यावर मोजणार, असं ऐकल्यावर बायकोनं दादांना काटा महिनाभर वापरायला दिला, पण त्यांच्याच घरी. जाड तुकडा फितीसारखा सहजासहजी पेटत नाही, असं दादांनी समजावलं. बायको म्हणाली, फटाके आम्ही दिवाळीत उडवतो.

धातूंचं गणित मात्र चोख आहे. ॲल्युमिनियमचा एक घन सेंटीमीटर २.७ ग्रॅम भरतो, मॅग्नेशियमचा १.७४. म्हणजे तोच आकार, एक तृतीयांशाहून जास्त वजन गायब. कार्बन फायबर त्याहूनही हलकं आणि थंडीत हाताला कमी झोंबतं. शून्याखाली पारा गेला की उघड्या धातूला गाल लावणं म्हणजे काय, हे ज्यानं लावला त्यालाच विचारावं.

शेवटी कॅनडाचं स्थळ पसंत पडलं. किंमत हजार डॉलरच्या वर. बंदुकीपेक्षा दस्ता महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कोल्हापूरच्या माणसाला मी सांगणार नव्हतो. कोल्हापुरात मसाल्याला नावं ठेवत नाहीत.

"तेरा औंस वाचले!" दादांनी वहीत लिहिलं.

मला औंस कळत नाहीत. माझ्या आजीनं मला पावशेर शिकवला आणि तिथेच माझं शिक्षण थांबलं. तेरा औंस म्हणजे साधारण ३६९ ग्रॅम, म्हणजे दीड पावशेराहून चिमूटभर जास्त. हजारावर डॉलर आणि दीड पावशेर! दादांच्या पोटाकडे न बघण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. तिथे गेल्या पंचवीस वर्षांत नीट जमवलेले निदान दहा शेर, कुठल्याही चासीशिवाय, स्वतःच्या बळावर उभे होते. ते उतरवायला काहीच पडत नाही, हे मी म्हणालो असतो. पण जी गोष्ट फुकट उतरते ती उतरवायला कुणाला वेळ नसतो, आणि जिच्यासाठी पार्सल येतं ती आजच हवी असते. माझ्याही घरी चालायचं यंत्र आहे. त्यावर कपडे उत्तम वाळतात.

मग दादांना आठवलं, की नव्या चासीला काढायचं-घालायचं मॅगझिन लागतं आणि छापलेल्या वजनात ते धरलेलं नाही. काट्यानं रिकाम्या मॅगझिनचे चार औंस सांगितले. बचत तेरावरून नऊवर आली. दीड पावशेराचा पावशेर झाला. दादांनी ती ओळ जरा बारीक अक्षरात लिहिली.

आता घडी. घडीचं आपल्याला मूळचंच वेड. घडीची खाट, घडीची खुर्ची, तीन घड्यांची छत्री. आमच्या लहानपणी पाहुण्यांसाठी घडीची खाट होती. ती उघडताना तिनं घरातल्या प्रत्येकाचं एकेक बोट चावलेलं होतं आणि पाहुणा रात्रभर 'व्ही' अक्षरात झोपायचा. घडी होणाऱ्या वस्तूचा एक नियम आहे. ती जागा वाचवते ती ठेवताना, आणि सगळी वसूल करते ती वापरताना.

दादांच्या चासीला मागे बिजागरी. बटण दाबलं की मागची दांडी बाजूला वळून बंदुकीच्या कुशीत शिरते. ४४ इंचांची बंदूक ३५ इंचांची होते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते; झाडीतून जाताना फांद्यांत अडकत नाही. काहींची डावीकडे वळते, काहींची उजवीकडे बोल्टच्या दांड्यावर, आणि कुठली बरी यावर शिकारी लोक एकादशीच्या तिथीइतका वाद घालतात. बिजागरी पक्की हवी. ढिली पडली की नेम हलतो. पक्की हवी म्हणजे जाड हवी, आणि जाड म्हणजे जड. हलक्या वस्तूला घडी हवी म्हणून तिच्यात वजन घालायचं, आणि मग ते वजन काढायला मॅग्नेशियम शोधायचं. दादांनी ती दांडी मला दहा वेळा उघडमीट करून दाखवली. खट्. खट्. प्रत्येक वेळी तेच समाधान. मी पाहत राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, अकराव्यांदा मी मागून घेतली. खट्.

मग नेमाचं मैदान. १०० यार्डांवर कागद. दादा पोटावर आडवे झाले. तीन गोळ्या सोडल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं, तर तिन्ही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. इथे मी चासीला सलाम केला. लाकडाच्या दस्त्यात हे दादांच्या हातून कधी झालं नव्हतं. पण दादा उठले ते खांदा धरून.

न्यूटननं १६८७ सालीच हे लिहून ठेवलं आहे. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, आणि बंदूक जितकी हलकी, तितकी ती जोरात येते. वजन एक दशांश कमी केलं की धक्क्याची ऊर्जा एक दशांशाहून किंचित जास्त वाढते. चासीची दांडी नळीच्या सरळ रेषेत असल्यानं बंदूक वर उडत नाही एवढंच. येते ती नाकासमोर चालणाऱ्या सज्जन माणसासारखी, थेट खांद्यात. हरवलेला पावशेर कुठे गेला, ते मला तिथे कळलं.

"लागलं व्हय दादा?"

"न्हाई रं. जरा शेकायला पायजे."

घरी जाऊन दादांनी खांद्याला बाम चोळला आणि तोडगा काढला. नळीच्या टोकाला सायलेन्सर. धक्का कमी, आवाज कमी, कोलोरॅडोत शिकारीला चालतोही. त्यासाठी केंद्र सरकारचा १९३४ सालचा कायदा. फोटो, बोटांचे ठसे, अर्ज. एकदा ठरलेला २०० डॉलरचा कर २०२६ उजाडेपर्यंत, नव्वदहून अधिक वर्षं, तसाच ठेवण्याचं शहाणपण फक्त त्या कायद्याला सुचलं. सायलेन्सर आला. दादांनी तो काट्यावर ठेवला. काटा म्हणाला, बारा औंस.

गॅरेजमध्ये शांतता पसरली. नऊ वाचवले होते, बारा आले. म्हणजे बंदूक जुन्या बंदुकीहून तीन औंसांनी जड झाली. तीन औंस म्हणजे सात तोळ्यांहून अधिक. सोन्यात असते तर दादांकडच्या वहिनींनी तरी आनंदानं अंगावर वागवले असते. आणि लांबी? सायलेन्सर सात इंच. घडी घातलेली ३५ इंचांची बंदूक पुन्हा ४२. एवढं सगळं करून दोन इंच वाचले.

"पण तोल बघ!" दादा म्हणाले. तोल खरंच छान होता. माणसाचा जावा आणि बंदुकीचा राहावा, इतका छान.

त्या रात्री मला आमच्या कोकणातल्या घराच्या भिंतीवरची ठासणीची बंदूक आठवली. रानडुकरं भात लोळवायची, त्यांच्यासाठी आजोबांनी पीकरक्षणाचा परवाना काढलेला. ती केवढी जड होती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, कारण ती वाहायला गडी होता आणि त्याला कुणी विचारलं नाही. दादांचे आजोबा याच्या उलट बाजूला. राधानगरीच्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूरच्या महाराजांची शिकार चालायची, तिथे ते हाकारे घालायला जात. त्याच रानाचं १९५८ साली अभयारण्य झालं, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे शिकारीचा विषयच संपवला. हाकाऱ्याच्या नातवाला मग कोलोरॅडोत येऊन स्वतः शिकारी व्हावं लागलं. जुन्या शिकाऱ्यांच्या तसबिरी बघा. कुणाच्याही चेहऱ्यावर औंसाची काळजी दिसत नाही. बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायची सोय होती, तोवर ती कितीही जड चालत होती. हलक्या बंदुकीचा शोध माणसाला लागला, तो गडी मिळेनासा झाला तेव्हा.

हा विचार मी दादांना बोलून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग फार प्रेमानं म्हणाले, "भावा, यंदा तू चल की डोंगरात. हवा बरी असती."

मी गेलो. दहा हजार फूट उंची, पहाटेची थंडी, आणि नारिंगी बंडी-टोपीत मी विसर्जन मिरवणुकीतून चुकलेल्या स्वयंसेवकासारखा. दादांच्या पिशवीत घडी घातलेली बंदूक. माझ्या पिशवीत थर्मास, दोघांचे डबे, दोघांचं पाणी, तंबू, आणि वहिनींनी दिलेला भडंगाचा डबा, "वाटंत लागंल" म्हणून. दादा खरंच हलके चालत होते.

पहिल्या दिवशी, सूर्य वर येताना, समोरच्या उतारावर एल्क आला. शिंगांचं झाड डोक्यावर घेतलेला, तोंडातून वाफ सोडत, अगदी निवांत. दादांनी श्वास रोखला, हळूच बंदूक बाहेर काढली आणि दांडी उघडली.

खट्.

त्या निर्जन डोंगरात त्या 'खट्'एवढा मोठा आवाज मी ऐकलेला नाही. आवाज दाबणारं यंत्र पुढच्या टोकाला होतं; मागच्या टोकाला आम्ही कुणी विचारच केला नव्हता. एल्कनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नापसंती होती. मग तो झाडीत गेला, आणि त्याच्या जाण्यात कसलीही घाई नव्हती.

तिथून पुढे दादांनी बंदुकीची घडी घातली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सबंध ५१ इंच बाहेर ठेवून, त्यांनी एकाच गोळीत दुसरा नर पाडला. नेम चोख. मी टाळ्या वाजवणार होतो, तेवढ्यात मला ते कायद्याचं कलम आठवलं.

मोठ्या नर एल्कचं वजन सुमारे ७०० पौंड. हाडं काढूनही खाण्याजोगं मांस २०० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अडीच मण. गाडी चार किलोमीटर खाली. माणसं दोन. फेऱ्या माणशी तीन, प्रत्येक फेरीत ३० पौंडांच्या वर. त्यातला एक माणूस असा, की ज्यानं आयुष्यात उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर नेलेला गॅसचा सिलिंडर, तोही अर्धाच रस्ता. पहिल्या फेरीत मी शिव्या मनात दिल्या. दुसऱ्या फेरीत त्या तोंडातून आल्या. तिसऱ्या फेरीत शिव्या द्यायलाही दम लागतो हे कळलं. दादा पुढून ओरडले, "बंदूक हलकी हाय म्हणून बरं, न्हाईतर मेलोच असतो!"

अडीच मणांवर सात तोळे कमी की जास्त, हे त्या डोंगराला कळत असेल असं मला वाटत नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी दादा काटा परत द्यायला आले. सोबत वहिनींनी केलेला एल्कचा तांबडा-पांढरा रस्सा, आणि कागदात गुंडाळलेली दोन पौंडांची मांसाची पुडी, त्याच काट्यावर मोजलेली. काट्याला लसूण आणि बंदुकीचं तेल यांचा मिश्र वास येत होता. बायकोनं तो तीनदा पुसला आणि अनारशाचं पीठ मात्र वाटीनं मोजलं.

दादा वही टेबलावर विसरून गेले. मी ती उघडायला नको होती. पण दहा दिवस ज्या वहीत मॅगझिनपासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळं वजन करून लिहिलं गेलं, तिच्यात शेवटी काय बेरीज आली, हे पाहायचा मोह झाला. बेरीज नव्हती. शेवटच्या पानावर सर्वांत खाली, थर्मासच्या ओळीनंतर, माझं नाव होतं.

वजन: आपल्या पायानं येतं, धरू नये.

किंमत: दोन पौंड मटण.

घडी होते का? होते. दुसऱ्या फेरीत, चढाला, दोनदा झाली.